पस्तीत (रद्दीत) काढण्याआधी आमचं ऐका : वाचनालयाच्या कार्यकारी मंडळास खुलं पत्र

मा. अध्यक्ष, चिटणीस आणि कार्यकारी मंडळाचे सर्व सभासद यांस,

सप्रेम नमस्कार.

वाचनालयाच्या फळ्यावर आपल्या सहीचं पत्रक लागलं. ते वाचून घरी गेले, दुसऱ्या दिवशी परत येऊन पुन्हा वाचलं, कारण पहिल्यांदा खरं वाटलं नाही. जागा कमी पडते, स्पर्धा परीक्षांच्या मुलांसाठी अभ्यासिका वाढवायची आहे आणि जुनी पुस्तकं जीर्ण झाली आहेत, अशी तीन कारणं आपण दिली आहेत. त्यावर उपाय म्हणून रहस्यकथा, ऐतिहासिक कादंबऱ्या, विनोदी आणि 'इतर मनोरंजनपर' पुस्तकांच्या कपाटांचं निर्लेखन करायचं, म्हणजे ती पुस्तकं नोंदीतून वगळून काढून टाकायची, असं ठरवलंय. काउंटरजवळची 'वाचकांनी सुचवलेली' ही मांडणी आणि तिथली वही बंद. यापुढची खरेदी पुरस्कारप्राप्त आणि संग्राह्य पुस्तकांपुरतीच. जाता जाता, संध्याकाळची देवघेवही आता लवकर आटोपणार.

चिटणीससाहेबांना मी कचेरीत जाऊन भेटले. त्यांनी चहा पाजला, घरच्यांची चौकशी केली आणि म्हणाले, "ताई, ठराव झालाय." ठराव झालाय हे पत्रकावरून मलाही कळलं होतं. चहाबद्दल आभार, पण उत्तर काही मिळालं नाही. म्हणून हे पत्र खुलं लिहितेय. वाचनालयाचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. संस्थेची चव घालवायची मला हौस नाही, आणि बडोद्यातल्या मराठी माणसाला नाव सांगायची गरजही नाही.

माझा या कपाटांशी काय संबंध, ते आधी सांगते. मी दांडिया बाजारात वाढले, मराठी शाळेत शिकले. माझी दोन्ही मुलं गुजराती माध्यमात शिकली आणि नात आता इंग्रजी शाळेत जाते. बडोद्यातल्या बहुतेक मराठी घरांत आज हेच चित्र आहे. घरात मराठी, दुकानात गुजराती, शाळेत इंग्रजी. देवनागरी मुलांना हिंदीमुळे येते, म्हणजे अक्षरं लागतात. पण अक्षरं लागणं वेगळं आणि दोनशे पानांचं मराठी पुस्तक हातातून न सुटणं वेगळं. आमच्याकडे हे दुसरं काम फुरसुंगीच्या बनेश फेणेनं केलं. भा. रा. भागवतांचा हा किडकिडीत पोरगा सायकलीवरून चोरांच्या मागे लागला की मी मोठ्याने वाचत असे आणि नेमकं 'टॉक्'च्या अलीकडे पुस्तक पालथं घालून म्हणत असे, "कुकर लावायचाय, तूच बघ पुढे काय होतं ते." मोठा धुसफुसत पुस्तक ओढायचा. पहिली दोनचार पानं बोट ठेवून वाचायचा, मग बोट सुटायचं. त्याला मराठी वाचायला मी शिकवलं असं सगळे म्हणतात. मी फक्त कुकर लावला.

ती प्रत आपल्याच वाचनालयाची होती, आणि ते कपाट आज आपल्या यादीत आहे.

आता तक्रारी.

पहिली तक्रार आकड्यांची. पत्रकात म्हटलंय की या कपाटांतल्या बहुसंख्य पुस्तकांची गेल्या तीन वर्षांत देवघेवच झालेली नाही. हा आकडा संगणकातून काढलाय. पण संगणक आला तेव्हा बारकोडची चिकटपट्टी लागली ती नव्या खरेदीला आणि संदर्भग्रंथांना. लाल पुठ्ठ्याच्या बाइंडिंगची जुनी पुस्तकं राहिली ती राहिलीच. ती आजही हाताने, काउंटरवरच्या लांब रजिस्टरात लिहून दिली जातात. ती संगणकात नाहीतच, तर तिथे त्यांची देवघेव दिसणार कुठून? मी काउंटरवरच्या बेनना विचारून बाबुराव अर्नाळकरांची एक छोटी कादंबरी काढून पाहिली. शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी भरलेली, तिच्यावर दुसरी चिकटवलेली, तीही खालपर्यंत आलेली. सगळ्यात शेवटचा शिक्का गेल्या महिन्यातला. शिक्का इतका जोरात मारलाय की मागच्या पानावर शाई उमटलीय. अशी कितीतरी पुस्तकं आहेत. ठराव मांडण्याआधी मंडळातल्या एकाही सभासदाने कपाटाची काच सरकवून एक पुस्तक उघडून पाहिलं असतं, तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती.

दुसरी तक्रार त्या वहीची, आणि इथे जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण ती काय चीज आहे हे मंडळाला ठाऊक नसावं असं दिसतं.

पत्रकात तिला 'अभिप्राय नोंदवही' म्हटलंय. अभिप्राय त्यात फारसे नाहीत. ती एका वाचकाने दुसऱ्या वाचकाला दिलेल्या निरोपांची वही आहे. कुणी लिहितं, "सुरुवात संथ आहे, वाडा येईपर्यंत दम धरा." त्याखाली वेगळ्या शाईत, "धरला. सार्थक झालं." कुणी विचारतं, "सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ठळक टाइपाचं आणि रडारड नसलेलं काही आहे का?" आणि चार दिवसांत खाली तीन वेगवेगळ्या अक्षरांत पाच नावं. एकाने रत्नाकर मतकरींच्या गूढकथांसमोर लिहिलंय, "एकटे असाल तर रात्री नको." एका आजोबांनी रागाने नोंद केलीय की अमुक रहस्यकथेत बाराव्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने खुन्याचं नाव लिहून ठेवलंय, त्या नराधमाची वर्गणी जप्त करावी. पुढच्या पानावर दुसऱ्या कुणाची नोंद : "खोडलं आहे. शिवाय ते नाव चुकीचं होतं."

ही वही वाचूनच मी शिफारस करायला शिकले. काउंटरपाशी नेहमी उभी दिसते म्हणून नवे सभासद मलाच विचारतात, "काहीतरी चांगलं सांगा ना." चांगलं म्हणजे काय, ते माणसावर असतं. 'तुम्हाला काय आवडतं' असं विचारून काही हाती लागत नाही, लोक वजनदार नावं सांगतात. 'शेवटचं पुरतं वाचून झालेलं पुस्तक कुठलं' हे विचारलं की खरं कळतं. नोकरीवरून थकून येणाऱ्याला पहिल्या पानावर प्रेत असलेली कादंबरी चालते, पण शंभर पानं पात्रांची ओळख करून देणारी चालत नाही. कॉलेजच्या मुलांना सुहास शिरवळकर द्यावेत. त्यांच्या पात्रांची बोली आजही शिळी वाटत नाही, आणि एक वाचलं की पोरं आपण होऊन दुसरं मागतात. मराठी अडखळत वाचणाऱ्याला कादंबरी देऊच नये, कथा द्यावी. एका बैठकीत संपली की हुरूप येतो. त्याने सत्यजित रायांचा फेलूदा आधी हिंदीत वा इंग्रजीत वाचला असेल तर तोच मराठीतून हातात ठेवावा. गोष्ट ओळखीची असली की भाषेची भीती जाते. अर्नाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. त्या सगळ्या उत्तम आहेत असं मीही म्हणणार नाही. काहींचा उलगडा इतका घाईत होतो की गुप्तहेराला गाडी पकडायची असावी. पण त्यांच्या पहिल्या दहा ओळींत माणूस पुस्तकात ओढला जातो, आणि ज्या गावात मराठी पुस्तक हातात घेणंच दुर्मिळ होत चाललंय तिथे याची किंमत मोठी आहे.

आणि उलगडा कधीही सांगायचा नाही. हा नियम त्या वहीच्या पहिल्या पानावर कुणीतरी लाल शाईत लिहून ठेवलाय. मंडळाच्या कुठल्याही नियमापेक्षा तो जास्त काटेकोरपणे पाळला जातो.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली पाच सूत्रं मांडली. त्यांतली दोन अशी, की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे आणि प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक. आपल्याकडे हे काम एक शंभरपानी वही आणि एक फळी मिळून करत होती. तिला पगार नव्हता, सुट्टी नव्हती. जागेच्या अडचणीसाठी ती काढली म्हणता. त्या फळीची रुंदी मी सांगायला नको. तिथे आता सत्काराच्या फोटोंची फ्रेम आलीय.

तिसरी तक्रार सगळ्यांत मोठी. मनोरंजन हे वाचनालयाचं काम नव्हे, हा सूर पत्रकात आहे आणि चिटणीससाहेबांच्या बोलण्यातही होता. दुसऱ्या कुठल्या गावात कुणी असं म्हटलं असतं तर मी सोडून दिलं असतं. बडोद्यात कसं सोडायचं?

सयाजीराव महाराजांनी १९०६ साली राज्यभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि शिकलेल्या माणसाने पुढे वाचायचं काय, हा प्रश्न त्यांना पडला. अमेरिकेतली वाचनालयं त्यांनी पाहिलेली होती. १९१० साली त्यांनी तिथले ग्रंथपाल विल्यम बोर्डन यांना बोलावून घेतलं. बोर्डन १९१३ पर्यंत इथे होते, आणि त्या अवधीत मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीपासून खेडोपाडीच्या वाचनालयांपर्यंत सगळी घडी बसली. लोखंडी मांडण्या आणि काचेच्या जमिनी दाखवायला आपण अजूनही पाहुण्यांना मांडवीला नेतो. पण त्या खात्याचं मला जास्त कौतुक वाटतं ते पेट्यांसाठी. लाकडी पेटीत पुस्तकं भरून ती गावोगाव फुकट पाठवायची, लोकांनी वाचायची आणि परत करायची, की दुसरी पेटी येणार. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी हेच ग्रंथालय खातं मॅजिक लँटर्नचे आणि सिनेमाचे खेळ घेऊन जायचं. माणूस आधी यावा, रमावा, मग वाचेल, एवढा साधा व्यवहार त्या लोकांना कळत होता.

याच गावात चिं. वि. जोशी राहिले. बडोदा कॉलेजात पाली शिकवणारा, पुढे संस्थानच्या दप्तरखात्यात अधिकारी झालेला हा विद्वान माणूस. दिवसभर जुनी कागदपत्रं हाताळून त्यांनी लिहिलं काय, तर चिमणराव आणि गुंड्याभाऊ. आपल्या यादीत 'विनोदी' या सदराखाली जे कपाट आहे, त्यात वरून दुसऱ्या फळीवर चिं. वि. आहेत. बडोद्याच्या मराठी वाचनालयातून चिं. वि. पस्तीत! हे वाक्य लिहितानाच मला हसू येतंय, आणि ते चिमणरावालाच शोभेल असं आहे.

आमचे 'हे' बरेच महिने आजारी होते. तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर माझ्या पिशवीत चिं. वि. असायचे, द. मा. मिरासदार असायचे, आणि दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' असायचं. 'ऋतुचक्र'मध्ये ना खून, ना लढाई, ना विनोद, नुसती झाडं आणि महिने. डॉक्टर काय सांगतात याची वाट बघत असताना गंभीर साहित्य वाचण्याची ताकद असलेली माणसं असतीलही. मी त्यांतली नव्हे. तिथे शेजारी बसणाऱ्या एका बाईंनी, त्या गुजरातीभाषक, चिमणरावाच्या एका गोष्टीवर मी का हसतेय म्हणून विचारलं. मग मी ती गोष्ट त्यांना तोडक्यामोडक्या गुजरातीत सांगितली. दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्याच मुळी "काले पछी शुं थयुं?" (काल मग पुढे काय झालं?) विचारत. अशा पुस्तकांना 'इतर मनोरंजनपर' या सदरात टाकताना, आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्याने काय वाचावं, याचा विचार ठरावात कुठे झालाय का?

ऐतिहासिक कादंबऱ्यांबद्दल तर मला मंडळाशी भांडायचंच आहे, अर्थात प्रेमाने. अध्यक्षसाहेब स्वतः इतिहासाचे जाणकार आहेत. 'कादंबरीतला इतिहास म्हणजे पिठात पाणी' असं ते एका कार्यक्रमात म्हणाले होते. अर्धं मलाही मान्य. कादंबरीकार नायकाला उजळवतात, संवाद पदरचे घालतात. 'मोचनगड' या पहिल्या ऐतिहासिक कादंबरीपासून, म्हणजे १८७१ पासून, मराठीत हे चालू आहे. पण एक मार्ग मी डोळ्यांनी पाहिलाय, तो सांगते.

आमच्या गल्लीतला एक मुलगा, औषधाच्या दुकानात नोकरीला, फक्त रहस्यकथा न्यायचा. त्याला कुणीतरी वहीत ना. सं. इनामदारांची 'झेप' सुचवली, आणि पुढे कंसात लिहिलं, "यात बडोद्याचा खून आहे." झालं, स्वारीने पुस्तक उचललं. 'झेप'चा नायक त्रिंबकजी डेंगळे. आणि खून तो गंगाधरशास्त्री पटवर्धनांचा. गायकवाडांचे वकील म्हणून ते पेशव्यांकडे हिशेबाचा तंटा मिटवायला गेले, इंग्रजांनी त्यांच्या जिवाची हमी घेतलेली, आणि जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात देवळातून परतताना त्यांच्यावर वार झाले. आळ आला त्रिंबकजींवर. इंग्रजांनी त्यांना मागून घेऊन ठाण्याच्या किल्ल्यात टाकलं, तिथून ते १८१६ मध्ये निसटले. पुढे १८१७ चा पुणे करार, मग लढाई, आणि १८१८ ला पेशवाई संपली. मुलाने चार दिवसांत पुस्तक परत आणलं आणि काउंटरवर पहिला प्रश्न केला : "पण शास्त्र्यांना खरंच कुणी मारलं?"

आता सांगा, या प्रश्नाचं उत्तर शोधायला त्याला कुठे धाडायचं? अर्थातच मराठ्यांच्या इतिहासाच्या 'मराठी रियासती'कडे. ती लिहिणारे गोविंद सखाराम सरदेसाई सयाजीरावांच्या पदरी नोकरीला होते, म्हणजे हा ग्रंथही आपल्याच गावच्या मुशीतला. त्याने रियासतीचा तो खंड नेला. सगळा वाचला नसेल, पण हवा तो भाग वाचला, एवढं मला पक्कं ठाऊक आहे, कारण तो येऊन माझ्याशी वाद घालून गेला. नंतर त्याला मीच बडोद्याचे महाराज मल्हारराव गायकवाड यांचं प्रकरण सांगितलं. ९ नोव्हेंबर १८७४, इंग्रजांचे रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबताच्या पेल्यात तळाशी साचलेला गाळ, सोमल आणि हिऱ्याची भुकटी असल्याचा आरोप, महाराजांच्या बचावाला विलायतेहून आणलेले बॅरिस्टर सार्जंट बॅलंटाइन, आणि सहा जणांचा चौकशी आयोग दुभंगलेला. तिघे इंग्रज म्हणतात दोषी. ग्वाल्हेरचे जयाजीराव शिंदे, जयपूरचे महाराज आणि सर दिनकरराव हे तिघे म्हणतात सिद्ध झालेलं नाही. तरी एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या नावाखाली गादीवरून काढलं. त्यानंतर आधीचे महाराज खंडेराव यांच्या विधवा राणी जमनाबाईंनी दत्तक घेतला तो कवळाण्याचा मुलगा म्हणजे सयाजीराव. कुठल्याही रहस्यकथाकाराला हेवा वाटावा असा मालमसाला आपल्या गावात घडलेला आहे आणि त्याचा उलगडा आजही झालेला नाही. तो मुलगा हल्ली दप्तरातले जुने छापील अहवाल कुठे बघायला मिळतील, ते विचारत असतो.

हा मार्ग रहस्यकथेच्या कपाटापाशी सुरू झाला. तुम्ही ज्या संग्राह्य ग्रंथांची खरेदी करणार आहात, त्यांच्यापर्यंत वाचक याच मार्गाने येतात. सगळे येत नाहीत. न येणाऱ्यांनाही चार घटका बरं वाटलं तर त्यात वाईट काय, असं मी तरी म्हणेन. पण जे येतात ते असेच येतात. रियासतीच्या खंडांवरच्या तारखा तपासून पाहा, ते नेणारे आधी काय वाचत होते तेही पाहा. रजिस्टरात सगळं आहे.

खरेदीबद्दल थोडक्यात. पुरस्कारांच्या याद्या पाहून घेतलेली पुस्तकं चांगलीच असतात, घ्याच. पण वर्षभराची रक्कम एकाच वितरकाच्या एकाच यादीवर खर्च होते आणि वाचकाला कुणी विचारत नाही. गेल्या खेपेला एका समीक्षाग्रंथाच्या दोन प्रती आल्या, एकही अजून उघडलेली नाही. पानांच्या कडा चिकटलेल्याच आहेत. ज्या नव्या रहस्यकथेसाठी वहीत नावांची रांग लागली होती, ती मात्र आली नाही. शेवटी आम्ही तिघी-चौघींनी वर्गणी काढून मागवली आणि वाचून झाल्यावर वाचनालयाला भेट दिली. त्या भेटीचं दाखल क्रमांकाचं पान मी परवा बघितलं. तीही यादीत आहे. नवीकोरी. जीर्ण म्हणून.

वेळेबद्दल तर एकच ओळ पुरे : सहाला देवघेव बंद झाली तर मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा सभासद पुस्तक बदलणार कधी?

अभ्यासिकेच्या मुलांविषयी गैरसमज नको. ती आपलीच मुलं आहेत. दोन खोल्यांच्या घरात सहा माणसं असली की अभ्यासाला बाहेर पडावंच लागतं, हे मला कळतं. त्यांना जागा मिळालीच पाहिजे. पण वरचा हॉल वर्षातले बरेच दिवस कुलपात असतो आणि लग्नाच्या मोसमात भाड्याने जातो. ते भाडं वाचनालयाला लागतं, हेही मान्य. मग हिशेब मांडा सगळ्यांसमोर. हॉलचं किती येतं, पस्तीचे किती येणार, अभ्यासिकेची फी किती. त्यावरून सभासद ठरवतील. मुलं विरुद्ध म्हातारी माणसं असं भांडण लावून देऊ नका. त्या मुलांतलीच दोघं-तिघं दुपारी पाठ मोडली की नारायण धारपांचं एखादं भयकथांचं पुस्तक उचलून जिन्यात बसतात. मी पाहते.

आता मागण्या, म्हणजे कोणी म्हणायला नको की नुसतंच बोलली.

निर्लेखन सर्वसाधारण सभेपर्यंत थांबवा. कुठली पुस्तकं काढणार त्यांची नाववार यादी फळ्यावर लावा, नुसतं 'नऊ कपाटं' म्हणू नका. महिनाभर ती राहू द्या आणि सभासदांना हरकती नोंदवू द्या. कसर लागलेली, पानं गळालेली, बाइंडिंगलाही न टिकणारी पुस्तकं असतीलच. ती जायला आमची ना नाही, आम्हीच निवडून देऊ.

जुन्या पुस्तकांना बारकोड लावा आणि मग एक वर्ष देवघेव मोजा. ज्याला तरीही कुणी हात लावला नाही त्याचा विचार पुढच्या वर्षी करू.

वही आणि मांडणी होती तिथे परत ठेवा. सत्काराचे फोटो भिंतीवर छान दिसतात.

वार्षिक खरेदीतला निदान चौथा हिस्सा वाचकांच्या मागणीवर खर्च करा. मागणी वहीतून घ्या किंवा चिठ्ठ्यांनी घ्या, पद्धत तुम्ही ठरवा. खरेदी समितीवर मंडळाबाहेरचे दोन सभासद घ्या, त्यांतला एक तिशीच्या आतला असावा.

संध्याकाळची देवघेव पूर्वीसारखी साडेसातपर्यंत ठेवा. मनुष्यबळ नसेल तर आठवड्यातले तीन दिवस तरी.

आणि जे काही खरोखर काढावं लागेल, ते किलोवर पस्तीवाल्याला घालण्याआधी सभासदांना न्यायला सांगा. त्यानंतर उरलं तर शाळांना, मंडळांना, वृद्धाश्रमांना विचारा. २०१८ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आपल्या गावात भरलं, तेव्हा आपण सगळ्यांनी बृहन्महाराष्ट्रातल्या वाचकांविषयी भाषणं ऐकली आणि टाळ्या वाजवल्या. ते वाचक म्हणजे आम्हीच.

बारकोडचं काम मोठं आहे आणि कर्मचारी दोनच आहेत, हे उत्तर येणार हे मला आत्ताच ऐकू येतंय. म्हणून आधीच सांगून ठेवते. आम्ही काही सभासदांनी आपसांत बोलून ठेवलंय. दर रविवारी सकाळी आम्ही येऊ, पुस्तकं झटकू, दाखल क्रमांक वाचून दाखवू, चिकटपट्ट्या लावू. औषधाच्या दुकानातला तो मुलगा संगणकावर बसायला तयार आहे. चिकटपट्ट्यांचा खर्च आम्ही वर्गणीतून करू, पावती मात्र द्यावी. चावी आणि पंखा एवढंच मंडळाने द्यायचं.

या पत्राची प्रत काउंटरवर ठेवली आहे, सही करू इच्छिणाऱ्यांसाठी मागे कोरे कागद जोडले आहेत. उत्तर लेखी द्यावं आणि ते पत्रक लावलं त्याच फळ्यावर लावावं, ही विनंती. सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घेणार की नाही, तेवढं सभेच्या नोटिशीआधी कळवा, म्हणजे नियमाप्रमाणे सभासदांच्या सह्यांनिशी तो मांडायला आम्हाला अवधी राहील.

कळावे, लोभ असावा.

आपली,
वाचनालयाची एक आजीव सभासद
बडोदे